बोटं उघडी ठेवलेली बाही

माझी ताई नर्सिंगच्या कॉलेजात शिकवते. तिच्या डोक्यात एखादी कल्पना शिरली की घरात कुणाचीच धडगत नसते, आणि पहिला बळी माझा जातो, कारण माझं दुकान तिच्या कॉलेजच्या रस्त्यावरच आहे. मी गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. लोकांना वाटतं, त्यात काय आहे, रेक्झिन कापायचं आणि मशीन मारायचं! असं म्हणणाऱ्याला एकदा मागच्या सीटचा कोपरा शिवायला बसवायची माझी फार इच्छा आहे. असो. आत्ता विषय ताईचा आहे.

ताईनं आधी बरीच वर्षं दवाखान्यात वॉर्डात काढली आणि मग शिकवायला आली. वॉर्ड सुटला, पण वॉर्डाच्या सवयी सुटल्या नाहीत. दुकानात आली की आधी नळावर हात धुते, मग बोलते. माझ्या बोटाला सुई लागलेली तिला दारातूनच दिसते. जिने अजून पळत चढते आणि वर पोचल्यावर आपण कशासाठी आलो हे विसरते. खूश असली की वाक्य पुरं करत नाही. "अरे हे बघ, म्हणजे कसं, तू थांब, आधी मी..." एवढं झालं की समजायचं, आता आपल्या आठवड्याची वाट लागली.

तिच्या कॉलेजात एक मोठी खोली आहे. तिथं ओळीनं खाटा मांडलेल्या आणि त्यातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर एक प्लास्टिकचा माणूस झोपलेला असतो. मुली त्याला मुके काका म्हणतात. मुक्या काकांच्या हाताला इतक्या बॅचनी सुया टोचल्यात की कोपराजवळ चिकटपट्टी लावून ठेवावी लागते. बिचारे कधी ओरडत नाहीत, हात मागे घेत नाहीत, "अजून किती वेळ?" असं विचारत नाहीत. माझं गिऱ्हाईक असं असतं तर मी सोन्याच्या दोऱ्यानं शिवलं असतं!

परीक्षाही मुक्या काकांवरच व्हायची. परीक्षेला येणाऱ्या मुली पुष्कळ, वेळ थोडा, आणि नळ खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. मग एक पद्धत पडून गेली होती. परीक्षक खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि मुलगी त्याच्याकडे बघून नुसतं सांगायची, "मी हात धुतले. मी रुग्णाची ओळख पटवली. मी रुग्णाला प्रक्रिया समजावून सांगितली." सांगितलं की गुण मिळाले. मग मुलगी काकांच्या हातात सुई घालायची. ही पद्धत ताई यायच्या आधीपासून चालत आलेली. तीही त्यातूनच शिकलेली आणि तेच पुढं शिकवत आलेली.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण आमच्या बाबांच्या पित्ताशयात खडे झाले.

बाबा म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर, रोज साखरेच्या आजाराची गोळी घेणारे. आयुष्यभर आरशात बघून मागच्यांशी बोललेला माणूस. दवाखान्यात दाखल केलं तर दोन दिवसांत अख्खा वॉर्ड त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायला लागला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांना सलाईन लावायला ताईच्याच कॉलेजची एक विद्यार्थिनी आली. वर्गातली टॉपर! तिला सगळे टॉपरच म्हणायचे. नाव विचारलं तर तिलाच आठवायला वेळ लागला असता. ताई दारात उभी, मी स्टुलावर बसलेलो. टॉपरनं ट्रे ठेवला, ताठ उभी राहिली आणि पायथ्याशी असलेल्या सलाईनच्या स्टँडकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "मी हात धुतले आहेत. मी रुग्णाची ओळख पटवली आहे. मी रुग्णाला प्रक्रिया समजावून सांगितली आहे."

बाबांनी आधी स्टँडकडे पाहिलं. मग मागं वळून भिंतीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "कोणाशी बोलतेस बाळ?"

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला हसता हसता टाके दुखायला लागले. मी तर स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. टॉपर लालेलाल झाली, पळत जाऊन हात धुऊन आली आणि सुई मात्र तिनं अशी सफाईनं लावली की बाबांना कळलंही नाही.

ताई हसली नाही. व्हरांड्यात माझा दंड धरून म्हणाली, "हसतोस काय? तिचं काय चुकलं? तिनं अगदी शिकवल्यासारखं केलं. परीक्षक जिथं उभा असतो तिथं स्टँड होता, तर ती स्टँडशी बोलली! अरे, आम्ही ह्या मुलींना पेशंट सोडून आमच्याशी बोलायला शिकवतोय."

"मग ओरड तिला."

"तिला कशाला? पद्धतीला ओरडायला पाहिजे," ताई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत ते दिसलं. तेच ते, ज्याला मी लहानपणापासून घाबरतो.

दुसऱ्याच दिवशी बाबांचं ऑपरेशन नीट पार पडल्याचा निरोप आला, आणि माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ताई दुकानात हजर. नळावर हात धुतले, एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोऱ्या सीटवर बसली आणि स्वतःचा डावा हात माझ्यापुढं पसरला.

"ह्याला कव्हर शिव."

"कशाला?"

"जिवंत माणसानं घालायचं. वरून कातडी, आत शीर, शिरेत लाल पाणी. मुलीनं सुई कव्हरात घालायची, पण माणूस खरा! बोलणारा, घाबरणारा, हात मागे घेणारा. आणि परीक्षक पायथ्याशी नाही, कोपऱ्यात गप्प. तो बघेल तेवढंच लिहील, सांगितलेलं काही धरायचं नाही. आणि शेवटी पेशंटनं गुण द्यायचे. म्हणजे कसं, तू थांब, आधी मी..."

मी नाक मुरडलं. म्हटलं, ताई, मी सीटा शिवतो, माणसं नाही. पण खरं सांगू का, तोवर माझी बोटं शिवशिवायला लागली होती.

पहिली बाही मी रेक्झिनची केली. सुई त्यात शिरेना, वाकली. दुसरीला वरून नुसता फोम ठेवला, तर शीर कुठं आहे ते आंधळ्यालाही दिसावं अशी वर आली. तिसरीतून गळती. माझ्या स्वच्छ दुकानात लाल पाण्याचं थारोळं आणि दारात गाडी घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक डोळे पांढरे करून माझ्याकडे बघतंय! ताई मात्र प्रत्येक फजितीवर टाळ्या पिटायची. "छान! आता हे कळलं!" म्हणायची. अशा माणसाबरोबर काम करणं फार वैतागाचं असतं, कारण हरल्याचं दुःखही धड करू देत नाहीत.

शेवटी जमलं. तळाला जाड प्लास्टिकची वळवलेली पट्टी, म्हणजे सुई खऱ्या हातापर्यंत पोचायलाच नको. त्यावर फोम, फोममध्ये खाच, खाचेत रबरी नळी, आणि वरून हातमोज्याच्या रबराचे थर एकमेकांवर ताणून चिकटवलेले. लाल पाण्याची पिशवी खांद्यामागं. पट्टी भक्कम आहे का हे मी माझ्या हातावर दाभण मारून बघितलं. ताईनं बाही चढवली, वरून बोट फिरवलं. "अरे, शीर लागतेय बोटाला," म्हणाली. "अगदी खरी. बोटाखाली उसळी मारतेय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं!

घोडं अडलं ते बोटांपाशी. ताईला बाही पार बोटांच्या टोकापर्यंत हवी होती, हातमोज्यासारखी, म्हणजे सगळा हात एकसारखा दिसेल. मला काही ती बोटं शिवायला जमेनात. दोन बोटांच्या मधल्या बेचक्यात रबर फाटायचं. शेवटी वैतागून मी बाही मनगटावरच संपवली, शिलाई दुमडली आणि खाली बाबांची उघडी बोटं तशीच ठेवली. "पुढच्या वेळी करतो बोटं," म्हटलं. ते माझ्या मनाला टोचत राहिलं. कारागिराला अर्धवट काम टोचतंच.

बाबांची म्हणतोय, कारण पेशंट म्हणून पहिला नंबर त्यांनीच लावला होता. बरे होऊन घरी आले ते भूमिकेचीच वाट बघत. त्यांच्याबरोबर डेपोतले चार-पाच निवृत्त सोबतीही आले. ताईनं प्रत्येकाला एकेक पेशंट वाटून दिला, त्याचं वय, दुखणं, स्वभाव, तो कशाला घाबरतो ते सगळं. बाबांच्या वाट्याला ऑपरेशनला निघालेला घाबरट म्हातारा आला. बाबा आरशासमोर घाबरण्याची तालीम करायला लागले. जेवताना मध्येच घास हातात धरून "मला भूल किती वेळ राहील हो?" असं कापऱ्या आवाजात विचारायचे. आम्ही हात टेकले.

प्राचार्याबाईंना मात्र हा सगळा पोरखेळ वाटला. वाईट बाई नाहीत त्या, पण फार सरळ रेषेत चालणाऱ्या. त्यांनी ताईला स्पष्ट सांगितलं, "वर्ग दोन गटांत करा. अर्ध्या मुली जुन्या पद्धतीनं शिकू देत, अर्ध्या तुमच्या. शेवटी बाहेरचे परीक्षक बोलवा, कुठली मुलगी कुठल्या गटातली हे त्यांना कळता कामा नये. तुमच्या गटाचे गुण वर आले तर पुढच्या वर्षी सगळ्यांना लागू करू. नाही आले तर बाह्या कपाटात, आणि हा विषय माझ्यापुढं पुन्हा आणायचा नाही."

ताई तयार झाली! एवढंच नाही, ती उड्या मारत घरी आली. "हेच तर मला हवं होतं. खरं-खोटं होऊन जाईल!"

मी म्हटलं, "मग आपल्या गटात हुशार पोरी घे."

तिचा असा तिळपापड झाला की मी पुढं बोललोच नाही. गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे म्हणजे टाकूनच पाडायचे, आणि चिठ्ठ्या प्राचार्याबाईंच्या कारकुनानं काढायच्या. तशा त्या काढल्या आणि टॉपर नेमकी बाहीच्या गटात आली.

टॉपरचे ते पहिले दिवस मी पाहिलेत, कारण फाटलेल्या बाह्या दुरुस्त करायला मी तिथंच असायचो. सुईला हात सोन्यासारखा, पण पेशंटकडे मान म्हणून वर होईना. ताई खोलीबाहेर गेली की ती तिला डोळ्यांनी शोधायची. आता सांगायचं कोणाला? एकदा तर तिनं मुक्या काकांकडे बघून "हात धुतले" म्हटलं. शेवटी पेशंटनं गुण द्यायची वेळ आली. बाबांनी बाही उतरवली, चष्मा लावला आणि म्हणाले, "बाळ, सुई अप्रतिम. पण मी तुला दोनदा सांगितलं की मला भीती वाटते, आणि तू दोन्ही वेळा चिकटपट्टी कापत होतीस." वर्गात सगळ्यात कमी गुण टॉपरला! तिला आयुष्यात कुणी एवढे कमी गुण दिले नव्हते. डोळे भरून आले पोरीचे.

बाबांना वाईट वाटलं, पण गुण काही त्यांनी वाढवले नाहीत. दुसऱ्या दिवशी टॉपर वर्ग सुटल्यावर आपणहून त्यांच्यापाशी येऊन बसली. सुई नाही, ट्रे नाही. नुसती बसली आणि विचारलं, "आजोबा, खरंच ऑपरेशन होतं तेव्हा तुम्हाला कशाची भीती वाटत होती?" बाबा खरं ते बोलले. घरी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं ते, की डोळे मिटल्यावर पुन्हा आपल्या माणसांची तोंडं दिसतील की नाही. मी कोपऱ्यात बाही सांधत होतो. माझा दोरा दोनदा सुईतून निसटला.

मग परीक्षेचा दिवस उगवला. ताई सकाळपासून एका पायात एक आणि दुसऱ्या पायात भलतीच चप्पल घालून फिरत होती. प्रत्येक खोलीत एक पेशंट बाही चढवून तयार, कोपऱ्यात बाहेरून आलेली एक परीक्षक. शेजारच्या खोलीत पडद्यावर सगळ्या खोल्या दिसत होत्या. तिथं ताई, प्राचार्याबाई आणि बाह्यांचा डॉक्टर म्हणून मी. ठरलेला नियम असा, की परीक्षा सुरू झाली की कुणी आत जायचं नाही, आणि जिनं सुरुवात केली तिचे गुण धरायचेच.

काय सांगू, नुसतं बघूनच रक्त सळसळत होतं! जुन्या गटातल्या मुली आत येऊन परीक्षकाला शोधायच्या, कोपऱ्यातल्या बाईंकडे बघून "हात धुतले" म्हणायच्या. बाई ढिम्म. ताईच्या गटातल्या मुली थेट नळावर. एकजण पेशंटशी बोलता बोलता हात धूत होती! मी ताईला कोपरानं ढोसलं. पण सुईचं काम दोन्हीकडे छान होत होतं, आणि जुन्या गटातल्या मुलींचा वेग जास्त होता. प्राचार्याबाईंच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं.

बाबांच्या खोलीत आधी जुन्या गटातली एक मुलगी झाली. चटपटीत, एकही पायरी न चुकता. मग टॉपर आत आली.

तिनं हात धुतले. खुर्ची ओढून बसली. "आजोबा, मी तुम्हाला सलाईन लावायला आलेय," म्हणाली आणि बाहीखालून निघालेली त्यांची बोटं आपल्या हातात घेतली. आणि थांबली.

पडद्यावर आम्हाला एवढंच दिसलं की ती थांबली. ट्रे तसाच. बाबा म्हणाले, "मला भूल किती वेळ राहील हो?" आवाज कापरा. मी मनात म्हटलं, वा बाबा, आज तर कमाल करताय!

टॉपर म्हणाली, "आजोबा, तुमची बोटं गार पडलीत. ओली आहेत."

"भीती वाटते ना बाळ."

"माझ्याकडे बघा. सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही. ऑपरेशनचा पेशंट ना मी, उपाशी."

"खरंच उपाशी? तुम्ही, खरे तुम्ही?"

"मग काय! भूमिका म्हणजे भूमिका. रात्रीपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही."

"आणि साखरेची गोळी?"

"ती घेतली. ती कशी चुकवेन?"

बाबांना साखरेचा आजार आहे, आणि त्या गोळीवर उपाशी राहायचं नसतं हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. सकाळी डबा माझ्या बायकोनं त्यांच्या हातात दिला होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हाताऱ्यानं तो अभिनयापायी उघडलाच नव्हता!

टॉपरनं सुईचा ट्रे बाजूला सारला. साखर तपासायचं यंत्र घेतलं, उघड्या बोटाला टोचलं, आकडा बघितला आणि उभी राहून ओरडली, "परीक्षा थांबवा! ह्यांची खरी साखर उतरलीये. ग्लुकोज आणा!"

आणि बाबा? बाबा खाटेवरून पुटपुटतायत, "अगं, असं नको करू. मार्क जातील तुझे."

"जाऊ देत."

"कोणाशी बोलतेस बाळ?" बाबांनी विचारलं. ह्या वेळी ते नाटक नव्हतं. त्यांना खरंच नीट उमगत नव्हतं, डोळे भिरभिरत होते.

टॉपरनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुमच्याशी, आजोबा. तुमच्याशीच बोलतेय. हे प्या. घोट घोट घ्या."

ताई केव्हाच पळाली होती. मी पोचलो तेव्हा बाबा ग्लुकोजचं पाणी पीत होते, टॉपर एका हातानं पेला आणि दुसऱ्यानं त्यांची पाठ धरून बसली होती, आणि ताई नुसती उभी होती. तिनं मध्ये हात घातला नाही. घालायची गरजच नव्हती. थोड्या वेळानं बाबांच्या तोंडावर रंग आला. पहिलं वाक्य काय, तर "माझं काम कसं झालं?" मला त्यांना मिठी मारावी की दोन शब्द सुनवावेत तेच कळेना. मी दोन्ही केलं.

संध्याकाळी गुण जुळवले. ताईचा गट पुढं होता, चांगला पुढं होता, पण टॉपरचं सुईचं काम झालंच नव्हतं. न झालेल्या कामाला शून्य. गट लहान, त्या एका शून्यानं सगळ्यांना खाली ओढलं आणि दोन्ही गट जवळजवळ सारखे होऊन बसले.

माझं डोकंच फिरलं. "काढून टाक तिला त्यातून! तिची परीक्षा झालीच नाही असं धर. कोण नाही म्हणणार आहे?"

"जिनं सुरुवात केली तिचे गुण धरायचे, हे आधी ठरलंय."

"पण तिच्यामुळे आपले बाबा..."

"म्हणूनच तर! आवडलं नाही की काढलं, तर मग उरलेल्यावर कोण विश्वास ठेवेल? शून्य म्हणजे शून्य." आणि ही बाई हसत होती. गाल लाल, डोळे चमकतायत. "अरे, तुला कळत नाहीये का? मला जे हवं होतं ते तिनं केलं! सुई बाजूला ठेवून ती माणसाकडे बघायला शिकली, आणि मी इतकी शहाणी, की ते मोजायची सोयच ठेवली नाही! परीक्षेत सगळ्याला गुण आहेत, थांबायला नाहीत. हेच मी उद्या सांगणार."

"आणि बाई म्हणाल्या बाह्या कपाटात, तर?"

"तर कपाटात," म्हणाली. पण ओठ थरथरला तिचा, मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजात बैठक. मी दुकानात. काम सुचेना. एका गाडीच्या सीटा उसवून रस्त्यावर मांडलेल्या, मालक दोनदा येऊन तोंड वाकडं करून गेला. मी मात्र बाही शिवत होतो. हट्टानं. ह्यावेळी बोटांसकट! बेचक्यात त्रिकोणी तुकडा घालायचा, हे मला बैठकीच्या दिवशीच सुचावं! जमलं. पाचही बोटं, एकही सुरकुती नाही. म्हटलं, बाईंनी नाही म्हटलं तरी हे त्यांच्या टेबलावर ठेवीन. बघू देत काम काय असतं ते. शेजारी बाबा डबा मांडीवर घेऊन बसलेले. आता कुणी सांगायच्या आधीच खात होते.

फोन वाजला. ताई. पलीकडे नुसता श्वास, जिने पळत उतरल्यासारखा.

"काय झालं?"

"अरे हे बघ, म्हणजे कसं, तू थांब..."

"ताई! वाक्य पुरं कर!"

"तुझ्याकडे ते हातमोज्यांचं रबर किती शिल्लक आहे?"

बाबा घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले.

"मी सगळं सांगितलं," ताई सांगत सुटली. "गट सारखेच आले हे आधी सांगितलं. मग ज्या परीक्षक बाईंनी शून्य दिलं, त्याच उठल्या. म्हणाल्या, मी शून्य दिलं कारण नियम तसा होता, पण माझ्या वॉर्डात मला हीच मुलगी हवी. मग प्राचार्याबाई म्हणाल्या, माझी अट तुमच्या गटाचे गुण वर येण्याची होती, ते आले नाहीत. मी म्हटलं, हो मॅडम, नाही आले. तर म्हणाल्या, मग अट मी चुकीची घातली. थांबायचे गुण धरा, आणि पुढच्या वर्षी सगळ्या वर्गावर पुन्हा करून बघा. सगळ्या वर्गावर! कळतंय का तुला? किती बाह्या लागतील!"

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. रस्त्यावरचा गाडीमालक धावत आला, त्याला वाटलं त्याच्या सीटांनाच काही झालं.

"ताई, ऐक, मला बोटं जमली! आत्ताच! पाचही बोटं, तुला हवी होती तशी, अगदी..."

"नको," ताई म्हणाली.

"काय नको?"

"बाईंनी एकच अट घातलीय. बोटं शिवायची नाहीत. उघडीच ठेवायची."

मी हातातल्या बाहीकडे बघितलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सफाईची शिलाई होती ती. बाबांनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसला आणि त्यांची बोटं माझ्यापुढं धरली, माप द्यायला धरतात तशी. मी ती धरून बघितली. उबदार होती.

मग मी मोठी कात्री घेतली आणि मनगटापाशी बाही कापली.